बिनकाट्याचं पाकट

"मॅडम, माणूस पाण्यात पडून मेलाय आणि पाणी गुडघ्याएवढंही नाही," हवालदार फोनवर म्हणाला. "छातीत माशाचा काटा आहे. लवकर या."

इन्स्पेक्टर बाईंनी नुकताच डबा उघडला होता. तो तसाच झाकून त्या निघाल्या. माशाच्या काट्यानं ठसका लागतो, माणूस मरत नाही, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.

समुद्री संशोधन केंद्राचा तळमजला प्रेक्षकांसाठी होता. मधोमध एक गोल उथळ हौद, त्यात पाच पाकटं, म्हणजे स्टिंग-रे मासे. पसरट, ताटाएवढी, मागं चाबकासारखी शेपटी. लोकांनी हात लावून बघावं म्हणूनच ती ठेवलेली. त्या दिवशी प्रेक्षकांसाठी साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे हात लावायला कोणी नव्हतं.

मेलेला माणूस केंद्राचा चित्रकार होता. तीस वर्षं त्यानं माशांचीच चित्रं काढली होती. त्याला काठावर निजवलं होतं. पोलिसांच्या डॉक्टरांनी छातीतून काटा काढून ट्रेमध्ये ठेवला. वीतभर लांब, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते.

"जखमेत काही राहिलंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

काटाही स्वच्छ होता. पिवळट, कोरड्या लाकडासारखा. बुडाशी दोऱ्याएवढी फिकट रेघ गोल फिरलेली. बाईंनी ती दोनदा पाहिली.

भिंतीला टेकून एक स्त्री बसली होती. कोपरापर्यंत ओली. हौदाची देखभाल तिच्याकडे होती. तिनंच भावाला पाण्यातून ओढून काढलं होतं. चित्रकार तिचा थोरला भाऊ.

संचालक तिच्याकडे न बघता बोलत होते. "या पाकटांचे काटे कापायचे असतात, मॅडम. नखांसारखे पुन्हा वाढतात. दर दोन महिन्यांनी कापायचं काम हिचं. राहिलं, दुसरं काय! मी आजच हिला कामावरून काढतो. तक्रारही लिहून देतो."

तिकीट खिडकीवरचा माणूस दारातूनच डोकावला. "अरे देवा! काटे कापले नव्हते का?"

"कापले होते," बहीण म्हणाली. "नऊ दिवसांपूर्वी. पाचही जणींचे."

"जणींचे?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या माद्याच आहेत. नर ठेवला की पिल्लं होतात. पाकटं अंडी नाही घालत, जिवंत पिल्लं देतात. हौद पुरत नाही मग."

"तुम्ही कुठं होतात?"

"मागच्या अंगणात. एक ते पावणेदोन, जेवायला. दादाला हाक मारली होती. म्हणाला, वर वर्गीकरणाच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो, मग बसू." तिनं ओला पदर पिळला. "मॅडम, कधीकधी जुन्या काट्याखाली दुसरा फुटतो. बारीक असतो, दिसत नाही. मला नसेल दिसला तर? माझ्याच हातून दादा गेला असेल तर?"

नोकरी गेली तर दुसरी मिळते. हे मात्र जन्मभर मानेवर बसणारं ओझं होतं. बाईंना तिची कीव आली आणि संचालकांचा संताप आला. एकीकडे प्रेत ओलं आणि यांनी खापर फोडायला डोकं शोधूनही ठेवलं होतं.

वरच्या मजल्यावर वर्गीकरण विभाग. जमिनीपासून छतापर्यंत बरण्या. प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडालेला एक मासा, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. विभागाच्या प्रमुखांना सगळे पाठीमागं 'बरणी डॉक्टर' म्हणत. बरणीत नसलेल्या माशाकडे ते बघत नाहीत अशी त्यांची ख्याती होती.

"शार्क आणि पाकट एकाच घरातले," डॉक्टर म्हणाले. त्यांना शिकवायला आवडत होतं, इमारतीत मयत असलं तरी. "अंगात हाड नाही, सगळी कूर्चा. आपल्या कानाच्या पाळीसारखी. कल्ल्यांच्या फटी बाजूला असतील तर शार्क, पोटाखाली असतील तर पाकट. सोपं आहे."

"हाड नाही, मग काटा कसला?"

"शार्कच्या अंगावर उलटा हात फिरवा, खरखर लागते. ते बारीक दातच असतात कातडीवर. हा काटा त्यांचाच थोरला भाऊ. जिवंतपणी त्यावर पातळ कातडं असतं, विषारी बुळबुळीत."

"चित्रकार आज तुमच्याकडे आले होते?"

"आला होता. नव्या पुस्तकासाठी जुनी चित्रं पुन्हा काढतोय. काढत होता. दहा मिनिटं बसला आणि गेला."

"तुम्ही त्यांच्याबरोबर खाली गेलात?"

"मी? खाली?" डॉक्टरांनी नाक मुरडलं. "आठ महिन्यांपूर्वी उद्घाटनाला गेलो होतो, फीत कापेपर्यंत उभा राहिलो. सर्कस आहे ती. शेपटीवर एवढा काटा घेऊन फिरणाऱ्या जनावराला लोकांना हात लावू देतात! आज ना उद्या हे होणारच होतं."

भिंतीवर चौकटीत पाकटाचं मोठं चित्र होतं. खाली डॉक्टरांचं नाव.

"हे काय?"

डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "बिनकाट्याचं पाकट. बारा वर्षांपूर्वी मी शोधलं. त्या कुळात काटा नसलेली ही एकच जात. जगात एकच नमुना, तो या कपाटात. किल्ली माझ्याकडेच असते. ज्या माशावरून नाव ठेवलं तो मासा जपावाच लागतो, नाहीतर नाव कशावर उभं राहणार?"

"शेपटीच्या मुळाशी ही दोन बोटांसारखी काय आहेत?"

"नराची खूण. माद्यांना नसते."

बाईंनी मान हलवली आणि त्या खाली आल्या.

चित्रकाराची वही हौदाच्या काठाखाली सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एक शेपटी काढलेली होती, भिंगातून बघितल्यासारखी मोठी. तिच्यावर एक आखूड खुंट, आडवा सरळ कापलेला. खुंटाकडे बाण. पानाच्या खालच्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी, दोन बोटं.

"ताई, पाचही मासे जाळीत धरून मला दाखवाल?"

बहिणीनं एकेक मासा उचलला. पकड कुठंच चुकली नाही. पाचही शेपट्यांवर आखूड बोथट खुंट. दुसरा काटा नाही. ताजी जखम नाही.

"गळून पडला असेल तो काटा," संचालक म्हणाले. "खूणही राहत नाही."

बहिणीनं त्यांच्याकडे बघितलं. तिलाही ते खरं वाटत होतं, हे बाईंना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाईंनी सगळ्यांना वर बोलावलं. संचालक, बहीण, डॉक्टर. दारात हवालदार उभा राहिला.

"हा अपघात नाही," बाई म्हणाल्या. "जिवंत माशाचा काटा घुसला असता तर जखमेत बुळबुळ राहिली असती, कातडीचे तुकडे राहिले असते. काटा तुटून आला असता तर बुडाला मांस असतं. यातलं काही नव्हतं. हा कित्येक वर्षं वाळलेला काटा आहे. आणि बुडाशी एक फिकट रेघ आहे. या खोलीत प्रत्येक वस्तूला काय बांधलेलं असतं?"

"चिठ्ठी," संचालक पुटपुटले. "दोऱ्यानं."

"म्हणजे काटा वरून खाली गेला. नेला कोणी? काल मी या केंद्रात चौघांशी बोलले. संचालक म्हणाले, कापायचं राहिलं. तिकीटवाला म्हणाला, कापले नव्हते का. ताई म्हणाल्या, कापले होते. या इमारतीत पाकटाचा काटा म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिली गोष्ट तीच येते. एकच माणूस ती बोलला नाही. डॉक्टर, हौदातल्या पाकटांचे काटे कापलेले असतात हे तुम्हाला माहीतच नव्हतं. बरणीतल्या माशाचे काटे पुन्हा वाढत नाहीत ना!"

डॉक्टर हसले. "अज्ञान हा गुन्हा आहे का?"

"नाही. आता वही बघा. शेपटीवर कापलेला खुंट, शेजारी नराची खूण. हौदात एकही नर नाही. मग हे चित्र कोणाचं? कपाट उघडा."

"त्या नमुन्याला कोणी हात लावायचा नाही!"

"किल्ली," बाई म्हणाल्या.

बरणी बाहेर आली. बाईंनी मासा ट्रेमध्ये घेतला आणि शेपटीवर भिंग धरलं. संचालकांनी वाकून पाहिलं आणि ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"घासलंय," ते म्हणाले. "काटा कापून वरून खुंट घासलाय. अहो, हे तर साधं पाकट आहे!"

"कोळी लोक होडीवरच काटा कापून टाकतात, हाताला लागू नये म्हणून. तसाच हा बाजारात आला असेल. डॉक्टरांना खुंट दिसला, पण नवी जात जास्त आवडली, म्हणून त्यांनी तो घासला. बारा वर्षं चित्रकारांनाही कळलं नाही. मग खाली हौद झाला, बहीण काटे कापायला लागली. कापलेला काटा कसा दिसतो ते चित्रकारांनी रोज पाहिलं. पुस्तकासाठी डॉक्टरांकडून हा मासा मागून पुन्हा भिंगाखाली घेतला आणि ओळखला. काल तेच सांगायला ते वर आले होते."

"कल्पना आहे सगळी," डॉक्टर म्हणाले. "पुरावा काय?"

बाईंनी भिंतीतला उथळ खण ओढला. आत कापसावर वाळलेले काटे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी. तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती. रिकाम्या जागी चिठ्ठी मात्र होती. कापलेला दोरा तिच्याभोवती नीट गुंडाळून, नंबर वर करून ठेवलेली.

"काटा घेतलात आणि चिठ्ठी काढून ठेवलीत," बाई म्हणाल्या. "फेकून दिली असतीत, जाळली असतीत, तर मी हात चोळत बसले असते. पण चिठ्ठी फेकवली नाही तुमच्याच्यानं. दोऱ्याची रेघ काट्यावर आहे आणि दोरा इथं आहे."

डॉक्टरांनी हात पुढं केला आणि ती चिठ्ठी जरा सरळ केली.

"चिठ्ठी फेकत नाहीत," ते म्हणाले. "फेकली की मागाहून येणाऱ्याला काही कळत नाही." मग त्यांचा आवाज चिरकला. "एका खुंटासाठी तो माझं सगळं बुडवणार होता. मी विनवण्या केल्या त्याच्या. तर म्हणाला, डॉक्टर, आधी खाली चला, एक गोष्ट बघा, मग ठरवू. खिशात काटा घातला आणि गेलो."

"काय बघायचं, ते विचारलंत?"

"वेळ कुठं होता!"

हवालदारानं त्यांना दंडाला धरून नेलं. संचालक बहिणीशी काहीतरी बोलायला गेले, पण तिनं मान वळवल्यावर तेही निघून गेले.

बाई आणि ती, दोघीच उरल्या.

"दादा त्यांना काय दाखवणार होता?" बहिणीनं विचारलं.

"तुमचं काम. कापलेले खुंट. ते बघितले असते, तर या काट्यानं अपघात भासवता येणार नाही हे त्यांना तिथंच कळलं असतं."

बहीण खणातल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी कापायचं विसरले असते, तर दादाला काही कळलंच नसतं. आज असता तो."

नऊ दिवसांपूर्वी केलेलं चोख काम तिला निर्दोष ठरवत होतं आणि सोडतही नव्हतं.

"तुम्ही विसरला नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातून तो गेला नाही. एवढं मी कोर्टात सांगेन आणि तुम्हालाही, जितक्यांदा विचाराल तितक्यांदा."

तिनं पदरानं तोंड पुसलं. खाली आली, बादली उचलली. कालपासून पाचही जणी उपाशी होत्या. ती हौदाशी वाकली, तशा त्या काठाशी गोळा झाल्या आणि तिच्या हातातलं खाऊ लागल्या.