पायलच्या हळदीतली म्हातारी

यतीनच्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या. व्हिडिओचे रंग सुधारताना भिंतीचा रंग डोळ्यांत मिसळू नये, म्हणून त्यानेच त्या तशा रंगवून घेतल्या होत्या. खिडकीवर काळं कापडही ठोकलं होतं. बाहेर शांती नगरात ऊन मी म्हणत असायचं आणि आमचे साहेब भर दुपारी अंधारात. बहीण स्वप्नाली त्याला घुबड म्हणायची. शूटिंग ती करायची, रंग तो सुधारायचा. आईवडलांमागे दोघंच होती एकमेकांना.

त्या दिवशी राई गावातल्या पायलच्या हळदीचं काम होतं. पिवळ्या मांडवाखाली सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत होती. यतीनने पिवळा कमी केला आणि एकेक चेहरा माणसात आला. राहिली फक्त एक म्हातारी. नवरीच्या मागे हळदीचा हात पुढे करून बसलेली. काही केल्या तिचा चेहरा राखेचाच.

"बघतोच, कशी सुधरत नाहीस ते." यतीन हट्टाला पेटला. नवरीच्या गालाचा रंग उचलून त्याने म्हातारीला दिला. झकास! म्हातारीचे गाल तांबूस झाले. खोलीत ओल्या हळदीचा वास आला... स्वयंपाकघरातून येत असेल, असं त्याला वाटलं.

मग त्याचं लक्ष नवरीकडे गेलं. ती राखाडी झाली होती.

दार ढकलून स्वप्नाली आत आली, हातात फोन. "दादा, व्हिडिओचं सांगायला फोन लावला, तर पायलचे बाबा..."

स्पीकरवर हरिश्चंद्र रडत होते. "माहेरी आलेली पोरगी बसल्या जागी परली रं... अंगात रगतच न्हाय म्हनतान डाक्टर..."

यतीनने पडद्याकडे बोट दाखवलं. "ही कोण?"

स्वप्नालीने निरखून पाहिलं. "मी शूट करत होते तेव्हा तिथे कोणीच नव्हतं..."

यतीनचं धाबं दणाणलं. त्याने म्हातारीला दिलेला रंग काढून नवरीला परत केला.

"डोलं उघरलं!" हरिश्चंद्र ओरडले. "पोरीनं डोलं उघरलं!"

यतीनच्या जिवात जीव आला. पण पडद्यावरची म्हातारी, पुन्हा राखाडी झालेली, आता नवरीकडे बघत नव्हती. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. हळदीचा हात जवळ आला, चित्र हललं, आणि व्हिडिओत कॅमेऱ्यामागून स्वप्नालीचं हसणं ऐकू आलं, "मला नको हो!"

"तुला... हळद कोणी लावली होती?"

"लावली कोणीतरी. माझा डोळा कॅमेऱ्याला होता. घरी येऊन धुतली की..."

यतीनने खिडकीचं कापड ओरबाडून काढलं. ऊन आत आलं. बहीण भिंतीला टेकून उभी होती. गालावर पाच बोटांची हळद, अजून ओली. बाकीचा चेहरा राखाडी भिंतीतून वेगळा काढता येत नव्हता.

"दादा, असा काय बघतोयस?"

म्हातारीकडून बहिणीचा रंग परत काढून घ्यायला त्याने पडद्याकडे झेप घेतली. मांडव होता, नवरी हसत होती. म्हातारीची जागा रिकामी होती.