गोगलगाय थांबते

मुलांची कार्टून बघून वर्तमानपत्रात त्यांवर लिहायचं, हा पोटाचा धंदा आहे म्हटलं की लोक हसतात. ठकीच्या आईला मात्र त्या दुपारी हसू येत नव्हतं. डोक्याला नुसता ताप झाला होता. नव्या मालिकेचा पहिला भाग वाहिनीने आत्ता कुठे पाठवला होता आणि पहिल्या नजरेत मालिका कशी वाटली, ते संपादकांना संध्याकाळच्या आत हवं होतं. म्हणजे झोपा काढायच्या त्यांनी आणि धावायचं हिने!

तिची एक पद्धत होती. हेडफोन स्वतःच्या कानांना लावायचे आणि सात वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून नुसतं मुकं चित्र दाखवायचं. आवाजाशिवायही पोर जागची हलली नाही, तर मालिकेत दम आहे म्हणायचं.

पडदे ओढलेले, खोलीत कोंदट अंधार. टीव्हीवर एक निळी गोगलगाय सरपटत आली. चित्रं बरी होती, पण तो आवाज... घशाला ओल आल्यासारखा. शिवाय बाईसाहेब प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. मुलांनी उत्तर द्यावं म्हणून थांबतात, ठाऊक आहे. पण थांबण्याला काही सुमार? पापणी न हलवता ती नुसती बाहेर बघत राही. 'गोगलगाय अन् पोटात पाय' असंच शीर्षक देते, ठकीची आई मनात चरफडली.

"तू घरात एकटी आहेस?" गोगलगायीने विचारलं. आणि थांबली.

"आई आंघोळीला गेलीये," ठकी म्हणाली.

हे उत्तर आईनेच पढवलेलं होतं. शाळा सुटल्यावर पोर बराच वेळ घरी एकटी असे. दारावर कुणी आलं, कुणाचा फोन आला, तरी हेच सांगायचं. एकटीने लेक वाढवायची म्हणजे जीव सतत टांगणीला! पण आत्ता तिला आधी चीडच आली. आई मांडीला मांडी लावून बसलीये आणि ही म्हणते आंघोळीला?

मग ती चपापली. आवाज तर फक्त तिच्याच कानात होता.

तिने हेडफोन ओढून काढले. खोली चिडीचूप.

"ठके... तुला ऐकू येतंय?"

"हळू बोल ना," ठकी कुजबुजली. "ती थांबलीये..."

आईने रिमोट दाबून टीव्ही बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो तिरमिरीतच कानाला लावला.

"पहिला भाग कसा वाटला?" सर्दी झाल्यासारखा बाईचा आवाज. वाहिनीतलीच कुणीतरी असणार.

"कसा वाटला? अहो, मुलांसाठी काढता की त्यांना घाबरवायला? माझ्या पोरीने नको ती उत्तरं दिली!" तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"उद्या दुसरा भाग आहे," बाई म्हणाली. "दुपारी घरी असाल?" आणि थांबली.

"दुपारी अजिबात फोन करू नका! मी ऑफिसात असते, पोर घरी एकटी असते. उगाच घाबरेल."

पलीकडे फक्त ओलसर श्वास... मग तोही बंद.

"कटकट मेली!" म्हणत ती वळली. ठकी पांढरीफटक पडली होती.

"आई, असं सांगायचं नसतं... तूच म्हणतेस ना?"

"अगं, वाहिनीतल्या मावशी होत्या त्या. फोनवर."

"फोन कुठे वाजला?" ठकी म्हणाली. "तू... त्याच्यात बोललीस."

आईने हात खाली घेतला. मुठीत हेडफोन होते. फोन आत स्वयंपाकघरात, चार्जिंगला लावलेला.

"झाला भाग बघून," ती कशीबशी म्हणाली. "आता बघायचंच नाही आपण ते."

ठकी बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे एकटक बघत होती.

"पण आई... तिला उत्तर मिळालं. आता ती थांबत नाहीये."