रिकाम्या होल्डरचा आलेख

मुलुंडच्या आमच्या संस्थेत नियम होता: नमुना ठेवण्याआधी रिकामा होल्डर मोजायचा. हेलियमने गार केलेल्या तांब्याच्या त्या चकतीला मोजून उष्णता द्यायची, तापमान किती चढतं ते लिहायचं आणि पुढे नमुन्याच्या आकड्यांतून ते वजा करायचं. इतक्या थंडीत स्फटिकातल्या अणूंची थरथर जवळजवळ विझलेली असते. इवल्याशा उष्णतेनेही तापमान झरझर चढतं.

१९८७च्या मे महिन्यात माझी सहकारी शुभा हिचा रिकामा होल्डर अकरा केल्व्हिनवर, म्हणजे उणे दोनशे बासष्ट अंशांवर, अडला. उष्णता आत जात होती, तापमान हलत नव्हतं. आलेखावर उंचवटा आला.

“नमुना चिकटवायचं ग्रीस जास्त लागलंय,” मी म्हटलं. “उडव तो उंचवटा. पेपर उद्या पाठवायचाय.”

“ग्रीस नाही गं, उत्तरा. कुणीतरी ऊब पितंय.”

“मग त्याला चहा दे.”

दोघी हसलो. उंचवटा मी माझ्या हाताने खोडला.

शुभाने होल्डर बाहेर काढून उघड्या बोटांनी पुसला, पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, “हात गरमच होत नाहीत बघ.” जेवायला हाक मारली तेव्हा ती खुर्चीतच होती. खिडकी उघडी होती, मिठागरांवरून झळा येत होत्या. हेलियम कुठेही गळलेला नव्हता. तिच्या मनगटाला हात लावला आणि मी तो झटकन मागे घेतला.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हृदय लिहिलं. पेपर छापून आला, उंचवट्याशिवाय.

परवा सकाळी ऋताचा फोन आला. त्याच प्रयोगशाळेत ती पीएचडी करते. अडलं की मला विचारते.

“मॅडम, वाट लागलीये. शुक्रवारी थीसिस द्यायचाय आणि रिकाम्या होल्डरला अकरावर बंप येतोय. ग्रीसच ना? उडवू?”

“कशालाही हात लावू नकोस. आत्ता माझ्याकडे ये.”

वीस मिनिटांत ती रिक्षाने आली. मी तिला सगळं सांगितलं, खोडलेल्या उंचवट्यासकट. तिचं हसू हळूहळू मावळलं.

“होल्डर पुसलास?”

“काल.”

“कशाने?”

ती बोटांकडे बघत राहिली. “ग्लोव्हज संपले होते.”

मी उठले. चहा उकळला, दोन कप ओतले. तिने तिचा कप दोन्ही हातांत धरला.

वाफ थांबली.

“मॅडम,” ती म्हणाली, “चहा गार का दिलात?”

माझ्या कपातून वाफ येत होती.