पेठ नाक्यापर्यंतची गाडी

गाडीच्या रेडिएटरच्या जाळीसमोर धरलेली कागदाची पट्टी बाहेर, माझ्याकडे उडत होती. खरं तर ती आत ओढली जाऊन जाळीला चिकटायला हवी होती. मी पट्टी पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"बघ की मॅडम, कसा झ्याक फिरतोय पंखा!" मतीन म्हणाला.

मी पट्टी तिसऱ्यांदा धरली.

गेल्या वर्षी कॉलेजात फिजिक्सचा तास घेऊन निघाले, तेव्हा विश्रामबागच्या चौकात ही हिरवी विलायती स्पोर्ट्स कार वाफ सोडत उभी होती. मतीन तिच्या रेडिएटरचं झाकण उघडणार, तेवढ्यात मी ओरडले, "हात लावू नका! भाजेल."

त्यानं वळून पाहिलं. गालावर ग्रीसचा डाग... "मग कवा लावू?"

"थंड झाल्यावर."

"तोवर थांबाल?"

मी थांबले.

त्याच्या घरची हळदीची पेढी. गाडी आजोबांची. दर रविवारी वखारीमागे आम्ही तिच्यावर काम करायचो. एकदा तो म्हणाला, "हिची तऱ्हाच उलटी. बाकीच्या गाड्यांत बॅटरीचं वजा टोक बॉडीला, हिच्यात अधिक. त्ये विसरून विजेचा पंखा जोडला की उलटा फिरतोय. लय तुझ्यावानी हाय बघ — सरळ गेलं तर ऐकतच न्हाई!"

मी हसले होते. त्या दिवशी हाताला हळदीचा वास होता... मी हात धुतले नाहीत.

आजोबांनी आजीला याच गाडीतून आणलं होतं. मतीनलाही याच गाडीतून साताऱ्याला येऊन अब्बांकडे मला मागायचं होतं. पण गाडी वाटेतच कधी पेठ नाक्याला तापायची, कधी कराडला. आम्ही परत फिरायचो. इकडे अब्बांनी शाहनवाजचं स्थळ आणलेलं. दर फोनला विचारायचे, "सबीना, काय सांगू त्यांना?" मी म्हणायचे, "थोडं थांबा."

आज शेवटचा उपाय केला होता. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून विजेचा बसवला होता. वायरी त्यानंच जोडल्या होत्या.

"पंखा उलटा फिरतोय, मतीन. गाडी पळायला लागली की समोरच्या वाऱ्यालाच अडवेल. पेठ नाक्याला पाणी उकळेल."

"व्हय?... वायर चुकली आसंल."

"तुझी? या गाडीत? हिची उलटी तऱ्हा तूच मला सांगितलीस."

तो पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसत राहिला.

"कराडलाही... तूच तापवलीस?"

त्यानं मान वर केली नाही. "तुझे अब्बा न्हाई म्हणाले तर? रस्त्यात अडकलं की निदान त्ये ऐकावं लागत न्हाई. परत येताना तू शेजारी असतीस. मला तेवढं पुरतंय गं."

"मला नाही पुरत."

मी वायरींची टोकं बदलली. पंखा पुन्हा सुरू केला. पट्टी सर्रकन जाळीला चिकटली.

त्याचा चेहरा उजळला. "मग आत्ताच जाऊ की! बस, मॅडम —" त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं. ओढणी अडकू नये म्हणून, नेहमीसारखं तिचं टोक उचलून धरायला वाकलासुद्धा.

बसावंसं वाटलं. फार वाटलं... पण एक अख्खं वर्ष मी गाडीत बसून साताऱ्याची वाट पाहत होते, आणि तो पेठ नाक्याची.

ओढणी मी स्वतःच सावरली.

"गाडी आता साताऱ्यापर्यंत जाईल," मी म्हणाले. मग फोन लावला. पट्टी अजून जाळीला चिकटून थरथरत होती.

"अब्बा... शाहनवाजच्या घरी होकार कळवा."