औषध उजवीकडे का गेलं?

औषध तिसऱ्यांदा चुकलं, तेव्हा रुग्णालयानं तपासणी अधिकारी बाईंना बोलावून घेतलं.

पडद्यावर चित्र स्पष्ट होतं. गाठ मेंदूत, डाव्या बाजूला. औषध वाहून नेणारे सूक्ष्म रोबो मात्र उजवीकडे गोळा होऊन बसलेले. यंत्रातली चुंबकं त्यांना डावीकडे ओढत होती आणि ते, कुणी हाक मारल्यासारखे, उलटे जात होते.

"या खोलीत काहीतरी आहे, मॅडम," ऑपरेटर पुटपुटला. त्याची नोकरी जायची वेळ आली होती. "मी डावीकडेच नेतो."

बाईंनी त्याच खोलीत, पेशंट नसताना, यंत्राखाली बशीभर पाण्यात रोबो सोडायला लावले. ते निमूट डावीकडे गेले.

पेशंट म्हणजे घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक काका. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली.

"यंत्राखाली त्यांच्यासोबत काय काय जातं?" बाईंनी त्यांच्या लेकीला विचारलं.

"काही नाही. घड्याळसुद्धा मी बाहेरच काढून घेते. फक्त घरची उशी. इथल्या उशीनं मान धरते म्हणतात."

"उशी कोण आणतं?"

"तेच. मला हात लावू देत नाहीत."

बाईंनी तिच्या हातातलं चावीचं घड्याळ पाहिलं. "हे वीस मिनिटं पुढे आहे."

"महिनाभर असंच पळतंय. बाबांचं घड्याळ चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं."

बाई काकांच्या खोलीशी आल्या. आत काका हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

बाई शेजारी बसल्या. "चुंबक लागलं की चावीचं घड्याळ पळायला लागतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? यंत्राजवळ तर ते कधी गेलंच नाही. म्हणजे चुंबक तुमच्या घरात आहे. बशीतले रोबो बरोबर गेले, म्हणजे यंत्रही ठीक, ऑपरेटरही. राहिली उशी. तिच्या उजव्या बाजूला, कापसात, चुंबक तुम्हीच शिवलंत."

काकांनी उशी जवळ ओढली.

"गाठ झाल्यापासून आमची ही बोलते माझ्याशी. डॉक्टर म्हणतात, गाठ गेली की आवाजही जाईल. ती वारली तेव्हा मी दुकानात होतो. आता मीच घालवू तिला?"

"काय बोलतात त्या?"

"विशेष काही नाही. दूध बघा म्हणते. दार लावलं का, विचारते."

लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई गेली तेव्हा तिच्याजवळ मी एकटीच होते, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या वेळीही एकटीच असू का?"

मग काकांनी शिवण उसवली आणि चुंबक तिच्या हातात ठेवलं.

चौथ्या खेपेला रोबो सरळ गाठीपाशी पोचले.

आठवड्यानं बाई भेटायला आल्या, तेव्हा काका डोळे मिटून, कान देऊन पडले होते.

"येतो आवाज?"

"येतो," काका म्हणाले. "पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. शब्द कळत नाहीत."