पांढऱ्या साडीची पट्टी

हे सगळं मला आठवतं तसंच घडलं का, याची खात्री नाही, पोरांनो. आधीच सांगून ठेवतो. रात्र मात्र पक्की आहे, कारण ती पंचांगात सापडते. एकोणीसशे शहाऐंशी, मार्चचा शेवटचा गुरुवार. होळी नुकतीच झालेली, आणि दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. बाकीचं मला आत्मारामने सांगितलं. त्यातलं त्याचं किती आणि माझ्या डोक्यातलं किती, हे आता मला वेगळं काढता येत नाही. तो कंदील जरा इकडे सरकवा.

आत्माराम आमचा शेजारी, रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. घर ख्रिस्ती. त्या संध्याकाळी चर्च सुटल्यावर तो तसाच बाजारात जायला निघाला. फिनेलची बाटली आणि कापूस आणायचा होता.

फिनेल लागायचं ते बापासाठी. भागोजी त्याचं नाव. उभी हयात मुंबईत दारू पिण्यात घालवली, बायकोच्या मौतीलाही आला नाही. मधुमेहाने पाय सडला तेव्हा त्याला घर आठवलं. घोट्याखाली सगळं काळंनिळं, बोटांच्या बेचक्यांतून पिवळं पाणी. उन्हात राहिलेल्या बांगडा माशासारखा वास. डॉक्टरांनी पाय कापायला सांगितलं, तर म्हणाला, "अर्धा नको पुरू मला."

आत्माराम त्याला दारातूनच परत पाठवणार होता. पण त्याची बायको दमयंती नर्स. तिने सासऱ्याला पडवीतल्या खोलीत ठेवून घेतलं. ड्युटीवरून आली की खाली बसायची, तो पाय मांडीवर घ्यायची, धुवायची. जुन्या साडीची कड दातांनी धरून सर्रकन पट्टी फाडायची. गाठ नेहमी घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, टोचू नये म्हणून. हात चालायचे तसं तोंडाने मेंढपाळाचं स्तोत्र चालायचं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते.

आणि आदल्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. ती गेली आणि हा उरला. आत्मारामने प्रार्थना सोडली ती तेव्हापासून. चर्चला जायचा, पण लोकलाजेस्तव.

त्या गुरुवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलं ते, प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले त्याबद्दल. बाहेर पडताना आत्मारामला मथुराबाईने गाठलं. दमयंतीबरोबरची नर्स, जीभ कोयत्यासारखी.

"काय रे, म्हातारा कसा आहे?"

"आहे."

"पट्टी कधी बदललीस?"

"बदलतो."

"नाकाला रुमाल लावून बदलत असशील. अरे, देवावर भार टाक. हात मोकळे होतील."

"टाकला असता. पण देव घ्यायला जागेवर नको का?"

"जीभ बरी चालते तुझी. हात तेवढे चालव."

खरं तर रविवारपासून त्याने त्या पायाला हात लावला नव्हता. उंबऱ्यातून फिनेल शिंपडायचं, पेजेची वाटी काठीने आत ढकलायची आणि दार ओढून घ्यायचं. म्हातारा कधी बोलला नाही. त्या न बोलण्याचीही आत्मारामला किळस यायची. आणि स्वतःची तर फारच.

बाजार करून तो घरी पोचला तेव्हा वीज गेलेली होती. खाली वाडीत शिमग्याची पालखी नाचत होती, ढोल वाजत होते. कंदील लावून त्याने नाकाला रुमाल बांधला आणि पडवीचं दार लोटलं.

वास नव्हता.

बांगड्याचा नव्हता, फिनेलचा नव्हता. होता तो ओल्या मातीचा. नुकत्याच उकरलेल्या तांबड्या मातीचा.

"बाबा?"

"हळू..." म्हातारा कुजबुजला. "ती धुतेय."

"कोण?"

"सून. मगाशीच आली. पट्टी सोडलीन तिनं."

खाली ढोल थांबले.

आत्मारामने कंदील वर केला. जमिनीवर कुणी बसलं होतं. पाठमोरं. पांढरी साडी. म्हाताऱ्याचा पाय मांडीवर. घमेल्यात पाणी हललं. केसांतून मातीचं ढेकूळ सुटलं... जमिनीवर फुटलं.

हात दिसत होता. बोटं पू पिळून काढत होती. बोटांची कातडी सैल, पाण्यात भिजून पांढरी पडलेली... आणि ती सरकत होती. पुवाबरोबर. घमेल्यात.

दोघंही कुजलेली होती. एक जिवंतपणी, एक मेल्यावर. आणि दोघांना एकमेकांची किळस नव्हती.

आत्माराम परसात पळाला. ओकला. आतडी बाहेर येतील असं ओकला. समोर फाटक उघडं होतं. रस्ता होता. खाली माणसं होती, मशालींचा उजेड होता...

त्याने चूळ भरली. नाकाचा रुमाल सोडून तिथेच टाकला. आणि परत आत गेला.

ती तशीच बसलेली. वळली नाही. नुसता हात मागे केला. हातात ओलं फडकं.

...

"घे की रे," म्हातारा म्हणाला.

त्याने घेतलं. बोटांना बोटं लागली. गार. तो गुडघ्यांवर बसला. सडका पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. धुतला. रडत, उमासे गिळत धुतला. ओठांवर काहीतरी येत होतं, मेंढपाळाचं. केव्हापासून, ते त्यालाही कळलं नाही.

मान वर केली, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

कोरडी पट्टी आणायला तो माजघरात गेला. परत येऊन बघतो तर पाय बांधलेला. पांढऱ्या नायलॉनची पट्टी, बारीक चंदेरी बुट्ट्यांची. गाठ घोट्याच्या बाहेरच्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून मथुराबाई डोकावली. तिने पट्टी बघितली आणि वाकून बुट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"ही तिच्या लग्नातली साडी. हीच नेसवून पुरली तिला. मी नेसवली होती, आत्माराम."

"तसल्या साड्या ढिगाने मिळतात," तो म्हणाला. पण ती पट्टी तो रोज उकळून वापरत राहिला.

म्हातारा पावसाळ्यात गेला. पाय काही बरा झाला नाही. वासही गेला नाही आणि किळसही, असं आत्माराम मला म्हणाला होता. "पण प्रार्थना करत धुवायला बसलो की वाटायचं, या घाणीत आपल्याआधी कुणीतरी हात घातलाय. तेवढं पुरायचं." मी शिकलेला माणूस. म्हटलं, दुःखात मन खेळ करतं, पट्टी तूच बांधली असशील. तो हसला.

पुढे बऱ्याच वर्षांनी आत्माराम वारला. जागा कमी, म्हणून दमयंतीचीच कबर उघडली. मी काठावर उभा होतो. कबरस्तानातला गडी शिवा खणत होता. हाडं निघाली, तांबड्या मातीने माखलेली, आणि साडी. नायलॉन कुजत नाही. शिवाने ती फावड्यावर उचलून बाजूला पसरली.

पदर अखंड नव्हता. कडेची वीतभर रुंद पट्टी सरळ फाडून घेतलेली होती.