उलट्या खांबांचा बंगला

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मागून जमणार न्हाई.

पालीच्या माळावर एका गोऱ्या साहेबानं बंगला बांधलता. सगळा सांगाडा सागाचा, काळा. मधल्या चौकटी चुन्यानं पांढऱ्या. लांबून वाटायचं, मेलेल्या बैलाच्या फासळ्या उन्हात वाळत घातल्यात. आमच्याकडं खांब उभा करताना झाडाचा बुडखा खाली, शेंडा वर. साहेबाच्या मुलखात उलटं. जाड बुडखा वर, म्हंजी तुळईला ऐसपैस बूड टेकता येतं. सुतार आपसात कुजबुजले, "उलटा खांब पाणी दुसरीकडूनच घेतो." पर साहेबाला अन् आपल्या बायकोला शिकवायला जातो कोण?

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीनं त्या ओस पडलेल्या बंगल्यात चारा ठेवला अन् राखणीला माझे दाजी, म्हाळू, बसवले. ते घरी येईनात. माझ्या थोरल्या बहिणीनं, चंद्रभागाअक्कानं, मला भरदुपारी पाण्याची घागर देऊन धाडलं.

"घेऊनच ये त्यांना."

आत अंधार. कडब्याचा वास, अन् त्याच्याखाली ओल्या लाकडाचा. असल्या दुष्काळात ओलं कुठलं?

दाजी खांबाला पाठ लावून बसलेले. ओठ चिरलेले.

"काय दाजी, खांबाशी लगीन लावलं का? अक्का लाटणं घेऊन निघालीय."

"पाणी दे रे..."

घागर तोंडाला लावली. दाजींचा गळा हालला, गट्. लगेच मागं लाकडात... गट्. म्हटलं, भास असंल. पुन्हा घोट, पुन्हा लाकडात तसाच. घागर सरली तरी दाजींची जीभ कोरडीच. खांब मात्र वरपासून खालपर्यंत घामेजला.

"दाजी, उठा."

"उठलो असतो रे... ह्यो सोडंना."

हात धरून ओढलं. सदरा फाटला, पाठीची कातडी चिंधीसारखी खांबाला ऱ्हायली. रक्ताचा थेंबबी आला न्हाई. खांद्यावर टाकले तर कडब्याच्या पेंढीएवढे हलके. वेशीत पोचेपर्यंत संपले.

अक्का त्यांच्या वाळल्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. "पाणी पाजलं न्हाईस व्हय रे?"



माती झाल्यावर अक्कानं दाजींचं घोंगडं आणायला मला परत बंगल्यात धाडलं. त्यांची शेळी माझ्या मागं आली. पोटात काय न्हाई, वाटंनं गोणपाट चघळत. त्याच खांबाला, जमिनीलगत, कोवळी हिरवी पालवी फुटलेली. म्हटलं, खा बाई, तुझं तरी पोट भरू दे. शेळीनं पालवीला तोंड लावलं न्हाई. दाजींच्या गुडघ्याला टेकवायची, तसं कपाळ खांबाला टेकवलं अन् डोळे मिटून उभी ऱ्हायली.